फाइल कोर्टात झाकली, प्रती बाहेर राहिल्या : कॅलिफोर्नियातल्या एका एव्हिक्शन नोंदीचं प्रकरण

मार्च २०२५ मधल्या एका रविवारी मित्राचा फोन आला. पुण्याहून आई कायमची राहायला येणार होती, म्हणून तो आणि वहिनी तीन बेडरूमचं घर शोधत होते. दोघांच्या नोकऱ्या पक्क्या, क्रेडिट स्कोअर उत्तम, पगाराच्या स्लिपा जोडलेल्या. तरी लागोपाठ तीन ठिकाणी नकार आला होता. कारण विचारलं तर उत्तर एकच, ‘आमच्या निकषांत बसत नाही.’ प्रत्येक अर्जाला दोघांची मिळून शंभराहून जास्त डॉलर फी गेली होती, ती वेगळीच.

मी विचारलं, “तुझ्यावर कधी एव्हिक्शनचा, म्हणजे भाड्याचं घर खाली करून घेण्याचा, दावा झाला होता का रे?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तो तर मिटला होता.”

हे प्रकरण त्या ‘मिटला होता’बद्दल आहे. त्याच्या परवानगीने लिहितो आहे. नाव, बिल्डिंग, कंपन्या सगळं गाळलं आहे. मी वकील नाही. सान्ता क्लारा काउंटीत बरीच वर्षं राहतो, आमचंही एक छोटं घर भाड्याने दिलेलं आहे, आणि या प्रकरणातले कागद मी त्याच्यासोबत बसून ओळ न् ओळ वाचले आहेत.

२०२४ चा उन्हाळा

३ जून २०२४ ला कुटुंब पुण्याला गेलं. वडील आयसीयूत होते. जाताना मित्राने पोस्टात टपाल थांबवून ठेवण्याचा अर्ज केला. अमेरिकेच्या टपाल खात्यात हे जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी करता येतं. अमेरिकेचं सिम बंद ठेवलं. भाडं ऑटो-पेवर होतं, त्यामुळे त्याची चिंता नव्हती.

नेमकं त्याच महिन्याच्या १ तारखेपासून बिल्डिंगचं व्यवस्थापन दुसऱ्या कंपनीकडे गेलं. भाडं भरायचं पोर्टल बदललं, जुनं ऑटो-पे बंद पडलं. नव्या पोर्टलवर नोंदणी करा अशा ईमेल आल्या होत्या, पण वडिलांच्या उशाशी बसलेल्या माणसाने त्या उघडल्या नाहीत. खात्यात पैसे पडून होते, फक्त ते जात नव्हते.

पुढचा क्रम कागदांवरून लावता आला. १० जूनला दारावर तीन दिवसांची नोटीस लागली : भाडं भरा किंवा घर सोडा. (हे तीन दिवस मोजताना शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या धरत नाहीत.) १८ जूनला दावा दाखल झाला. कॅलिफोर्नियात याला अनलॉफुल डिटेनर म्हणतात, म्हणजे बेकायदा ताबा ठेवल्याचा दावा. समन्स हातात द्यायला कोणी भेटेना म्हणून कंपनीने कोर्टाची परवानगी घेऊन १ जुलैला ते दारावर चिकटवलं आणि सर्टिफाइड टपालानेही पाठवलं. अशा बजावणीत दहाव्या दिवशी समन्स मिळालं असं कायदा धरतो. त्यानंतर उत्तर द्यायला तेव्हा कोर्टाच्या कामकाजाचे ५ दिवस मिळायचे. १ जानेवारी २०२५ पासून ते १० झाले आहेत, पण त्याचा दावा त्याआधीचा. मुदत १८ जुलैला संपली आणि १९ जुलैला एकतर्फी निकाल लागला.

इथे थोडं थांबतो, कारण ‘निकाल’ या शब्दाने डोळ्यांपुढे न्यायाधीश येतो. मुदतीत उत्तर आलं नाही आणि घरमालकाने मागितलं, तर घराचा ताबा देण्याचा निकाल कोर्टाचा क्लार्कच नोंदवतो. कोणी पुरावा तपासत नाही, भाडेकरू कुठे आहे हे विचारत नाही. घरमालक नव्या भाडेकरूची माहिती काढायला जो स्क्रीनिंग रिपोर्ट मागवतो, त्यात नंतर जे ‘वादीच्या बाजूने निकाल’ असं ठसठशीत दिसतं, त्यामागे पुष्कळदा एवढीच कारवाई झालेली असते.

२ ऑगस्टला मंडळी परत आली. दारावर शेरीफची नोटीस होती, घर रिकामं करायला मोजके दिवस उरले होते. मित्र त्याच दिवशी व्यवस्थापनाच्या ऑफिसात गेला. जून, जुलै, ऑगस्टचं भाडं, लेट फी, त्यांचा कोर्टाचा खर्च, सगळ्याचा एकदम कॅशियर्स चेक दिला. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी शेरीफची तारीख रद्द करून घेतली आणि लीज पूर्वीसारखी चालू राहील असं ईमेलवर कळवलं. मित्राने सुटकेचा श्वास सोडला. टपालाचा गठ्ठा त्याने उघडलाही नाही.

त्या गठ्ठ्यात कोर्टाच्या क्लार्कचं एक पत्र होतं. दावा दाखल झाल्यावर २४ ते ४८ तासांत ते प्रत्येक प्रतिवादीला टपालाने जातं. तुमच्यावर दावा झाला आहे, फाइल कोण आणि कधी पाहू शकतं, मोफत कायदेशीर मदत कुठे मिळेल, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आम्ही ते मार्च २०२५ मध्ये उघडलं.

६० दिवसांचं झाकण

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११६१.२ या प्रकरणाचा कणा आहे. एव्हिक्शनचा दावा दाखल होतो तेव्हा फाइल, अनुक्रमणिका, कामकाजाची नोंदवही, सगळं सर्वसामान्यांसाठी झाकलेलं असतं. पाहू शकतात ते पक्षकार, त्यांचे वकील, त्या घरात राहणारे, आणि वादी-प्रतिवादीची नावं व फ्लॅट नंबरासह पूर्ण पत्ता आधीच माहीत असलेली व्यक्ती. म्हणजे नुसतं नाव टाकून मासेमारी करता येत नाही.

हे झाकण पूर्वी कच्चं होतं. आधीच्या कायद्यात ६० दिवसांत भाडेकरू जिंकला तरच फाइल झाकलेली राहायची. दावा रेंगाळला, दोघांनी आपसांत मिटवला, तर फाइल आपोआप उघडायची. २०१६ साली मंजूर झालेल्या एबी २८१९ या विधेयकाने हे उलटं केलं, आणि १ जानेवारी २०१७ पासून ते लागू झालं. आता घरमालक ६० दिवसांच्या आत जिंकला तरच साठाव्या दिवसानंतर फाइल खुली होते. नाही जिंकला तर ती झाकलेलीच राहते. त्यानंतर खटला चालून तो जिंकला तर कोर्टाच्या आदेशाने ती उघडता येते.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. पण त्यात एक गृहीतक आहे : ६० दिवसांत हरला तो खराच हरला. प्रत्यक्षात इतक्या लवकर हरणाऱ्यांत एकतर्फी निकालवाले असतात, आणि ज्यांनी समन्स पाहिलंच नाही ते त्यांच्यातच येतात. जो लढला त्याचा दावा लांबतो, म्हणून त्याची फाइल झाकली जाण्याची शक्यता वाढते. ज्याला बोलायची संधीच मिळाली नाही, त्याची फाइल सगळ्यात आधी उघडते.

मित्राच्या दाव्याचा साठावा दिवस होता १७ ऑगस्ट २०२४. पैसे भरले २ ऑगस्टला. मधले पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत दोन्ही पक्षांनी सह्या करून ‘एकतर्फी निकाल रद्द करावा, दावा काढून टाकावा’ असा एक अर्ज कोर्टात दिला असता आणि तो मंजूर झाला असता, तर घरमालक ‘जिंकला’ असं राहिलंच नसतं आणि फाइल कधीच उघडली नसती. कंपनीला पैसे मिळाले होते, तिने सही केली असती. पण तिला हे करायचं कारण नव्हतं आणि मित्राला हे माहीत नव्हतं. पैसे भरले की प्रकरण मिटलं, ही आपली सगळ्यांची समजूत. कोर्टाच्या वहीत मात्र दोन वेगळ्या ओळी असतात : पैसे मिळाले ही एक, आणि निकाल रद्द झाला ही दुसरी.

साठ दिवस संपल्यावर फाइल खुली झाली आणि स्क्रीनिंग कंपन्यांनी तिची प्रत उचलली. त्यांचा व्यवसायच तो आहे. कोर्टांच्या नोंदी घाऊक प्रमाणात गोळा करायच्या, अनेकदा मधल्या पुरवठादाराकडून विकत घ्यायच्या, आणि घरमालकाने नाव टाकलं की काही मिनिटांत रिपोर्ट द्यायचा.

नकाराचं पत्र

संघराज्याच्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याप्रमाणे, रिपोर्टच्या आधारे घर नाकारलं तर घरमालकाने ते कळवायलाच हवं : रिपोर्ट कोणत्या कंपनीचा, तिचा पत्ता आणि फोन, ६० दिवसांत त्याची फुकट प्रत मागण्याचा हक्क, आणि चूक असेल तर हरकत घेण्याचा हक्क. तीनपैकी दोघांनी यातलं काहीच कळवलं नव्हतं. आम्ही दोन परिच्छेदांचं पत्र पाठवलं, कायद्याचं नाव लिहून. चार दिवसांत दोघांकडून कंपन्यांची नावं आली.

पहिला रिपोर्ट आला तेव्हा वहिनी शेजारी बसल्या होत्या. एव्हिक्शनच्या रकान्यात दोन नोंदी होत्या. वरची ‘दावा दाखल, जून २०२४’, खालची ‘ताब्याचा निकाल, वादीच्या बाजूने, जुलै २०२४’. केस नंबर एकच. वाचणाऱ्याला मात्र वाटणार, या माणसाला दोनदा घराबाहेर काढलं. पैसे भरल्याचा, लीज चालू राहिल्याचा, ते कुटुंब आजही त्याच घरात राहत असल्याचा उल्लेख कुठेही नव्हता. वहिनी एवढंच म्हणाल्या, “आपल्याला कोणी काढलंच नाही ना!”

अशा नोंदी अपवादाने आढळतात असं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एव्हिक्शन लॅबने अनेक राज्यांच्या कोर्टांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी २२ टक्के नोंदींत माहिती संदिग्ध होती किंवा भाडेकरूचा इतिहास चुकीचा दाखवत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण ब्युरो आणि फेडरल ट्रेड कमिशन यांनी ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या भाडेकरू-स्क्रीनिंग शाखेविरुद्ध जी कारवाई केली, तिच्यातले आरोप वाचताना मला मित्राचाच रिपोर्ट समोर ठेवल्यासारखं वाटलं : एकाच दाव्याच्या अनेक नोंदी, निकाल काय लागला याची चुकीची किंवा अपुरी माहिती, कोर्टाने झाकलेल्या नोंदीही रिपोर्टात. ते प्रकरण १.५ कोटी डॉलरवर मिटलं. त्यातले १.१ कोटी ग्राहकांसाठी होते आणि ४० लाख दंडाचे. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये ॲपफोलिओ या कंपनीने अशाच तक्रारींवर ४२.५ लाख डॉलर भरले होते.

आम्ही लगेच हरकत नोंदवली, आणि माझी इथे चूक झाली. घाई झाली. कंपनीला तपासासाठी ३० दिवस असतात. पंचविसाव्या दिवशी उत्तर आलं : दुबार नोंद काढली, पण निकालाची नोंद ‘तपासली, बरोबर आहे’. आणि ती बरोबरच होती! कोर्टाच्या वहीत त्या दिवशीही तोच निकाल उभा होता. हा कायदा नोंद कोर्टाशी जुळते का ते पाहतो. ती नोंद त्या माणसावर अन्याय करते का, हे पाहणं त्याच्या कक्षेत नाही. आधी कोर्टातली ओळ बदलायला हवी होती आणि मग कंपनीकडे जायला हवं होतं. एक महिना आणि मनाजोगतं एक घर त्यात गेलं.

निकाल रद्द

काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचं सेल्फ-हेल्प केंद्र आहे. कॅलिफोर्नियाच्या प्रत्येक काउंटीत ते असतं, आणि आपल्या लोकांना ते ठाऊक नसतं. तिथल्या मुलीने फाइल पाहून विचारलं, “निकाल लागल्याची लेखी नोटीस तुमच्यावर कधी बजावली गेली?” बजावलीच नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४७३.५ म्हणतं, समन्स बजावलं असं धरलं गेलं पण प्रतिवादीला प्रत्यक्ष कळलंच नाही, तर एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत निकालापासून दोन वर्षं, किंवा निकालाची लेखी नोटीस बजावल्यापासून १८० दिवस, यांपैकी जी आधी संपेल ती. नेहमी वापरलं जाणारं कलम ४७३(ब) फक्त सहा महिने देतं, ते केव्हाच उलटले होते.

एका मोफत कायदेमदत संस्थेतल्या वकीलबाईंनी कागद तयार केले. सोबत पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, टपाल थांबवल्याची पावती, कॅशियर्स चेकची प्रत. पण लढण्याआधी त्यांनी व्यवस्थापन कंपनीच्या वकिलाला पत्र लिहिलं की पैसे पूर्ण मिळाले आहेत, भाडेकरू अजून तिथेच राहतो, तर संमतीने मिटवू. आठवड्याभरात होकार आला. खरं तर ऑगस्टमध्येही आला असता.

तडजोडीच्या कागदात त्यांनी तीन वाक्यं आग्रहाने घातली. एकतर्फी निकाल आणि त्याआधीची डिफॉल्टची (मुदतीत उत्तर न दिल्याची) नोंद, दोन्ही रद्द. दावा तडजोडीने मिटला असं स्पष्ट शब्दांत. आणि कलम ११६१.२ खाली फाइल झाकलेली राहील. ‘तडजोडीने मिटला’ हे शब्द का महत्त्वाचे, तर कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या कलम १७८६.१८ मध्ये, भाडेकरू जिंकला किंवा दावा तडजोडीने मिटला असेल तर तो तपास-रिपोर्टात (एखाद्या माणसाची माहिती काढून दिलेल्या रिपोर्टात) देता येत नाही, असं म्हटलं आहे. उल्लंघन झालं तर प्रत्यक्ष नुकसान किंवा १०,००० डॉलर, यातली मोठी रक्कम मागता येते. भाडेकरूंच्या रिपोर्टना हा कायदा लागू होतो का यावर मोठा वाद झाला होता. २००७ मध्ये एका अपील न्यायालयाने तो अशा रिपोर्टांपुरता संदिग्ध ठरवला. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या एका प्रकरणात तो विचार अमान्य केला, तेव्हा कुठे त्यात पुन्हा जीव आला.

११६१.२ मध्येच आणखी एक दिलासा आहे. साठ दिवसांनंतर एकतर्फी निकाल रद्द झाला, तर दावा जणू निकाल रद्द झाल्याच्या दिवशीच दाखल झाला असं धरून झाकणाचे दिवस पुन्हा मोजायचे. न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये सही केली, त्याच आठवड्यात दावा निघाला. कोर्टातली फाइल पुन्हा झाकली गेली. मी नंतर ऑनलाइन शोधून पाहिलं, काही दिसत नाही.

पण प्रती

कोर्टाचा आदेश जोडून दुसरी हरकत पाठवली. पहिल्या कंपनीने बारा दिवसांत नोंद काढली. मित्राने नव्या घरासाठी अर्ज केला. पुन्हा नकार. त्या घरमालकाची स्क्रीनिंग कंपनी वेगळी होती, तिने जुनी प्रत कुणाकडून तरी आधीच घेऊन ठेवली होती, आणि कोर्टाने फाइल झाकली हे तिला कळवणारं कोणी नव्हतं. कोर्ट आपलं दार बंद करतं, बाहेर गेलेल्या प्रतींच्या मागे जात नाही.

असं का, याचं उत्तर जुनं आहे. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका अपील न्यायालयाने ठरवलं की एव्हिक्शनच्या खुल्या नोंदीतली खरी माहिती देण्यावर राज्याने घातलेली बंदी अमेरिकेच्या घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध आहे. म्हणून राज्याचा सगळा जोर नोंद मुळात खुली होऊ न देण्यावर आहे. मिनेसोटाने २०२४ पासून तोच धागा पुढे नेला : निकाल लागेपर्यंत दावा गोपनीय, आणि तीन वर्षांनी नोंद कोर्टाने स्वतःहून पुसायची. न्यू यॉर्कने दुसऱ्या टोकाने धरलं. २०१९ च्या कायद्याने पूर्वी कोर्टात झालेल्या दाव्यावरून भाडेकरूला नाकारायलाच मनाई केली. मला न्यू यॉर्कची वाट अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती प्रतींच्या मागे धावत नाही, प्रत पाहून जो निर्णय घेतो त्याला जबाबदार धरते. अर्थात घरमालक खरं कारण सांगतोच असं नाही.

ग्राहक ब्युरोने जानेवारी २०२४ मध्ये एक सूचना काढून कंपन्यांना बजावलं होतं की झाकलेल्या, पुसलेल्या आणि दुबार नोंदी रिपोर्टात येणार नाहीत अशी व्यवस्था तुमच्याकडे असायलाच हवी. मे २०२५ मध्ये, आमची धावपळ ऐन भरात असताना, ती मागे घेण्यात आली. मूळ कायद्यातलं ‘शक्य तितक्या जास्तीत जास्त अचूकतेचं’ बंधन कायम आहे, पण ते काय मागतं हे स्पष्ट सांगणारा कागद गेला.

मग आम्ही वाट बघणं सोडलं. ब्युरो दरवर्षी अशा रिपोर्ट कंपन्यांची यादी प्रसिद्ध करतो, त्यात भाडेकरू-स्क्रीनिंगचा वेगळा भाग असतो. त्यातल्या प्रत्येक कंपनीला मित्राने स्वतःची फाइल मागितली. दोघांकडे नोंद निघाली. दोघांना आदेशाची प्रत गेली. एकीने काढली, दुसरीने आधी ‘तपासली, बरोबर’ म्हटलं. वकीलबाईंनी कलम १७८६.१८ चा उल्लेख करून एक पत्र पाठवलं, तेव्हा तिनेही काढली. एकूण सात आठवडे.

घरमालक म्हणून

माझ्याकडे भाडेकरूचा अर्ज येतो तेव्हा मीही रिपोर्ट घेतो. मित्राच्या प्रकरणाआधी त्यात ‘एव्हिक्शन’ हा शब्द दिसला असता तर मी अर्ज बाजूला ठेवला असता, हे खरं आहे. घराचे हप्ते मलाही भरायचे असतात. आता मी केस नंबर पाहतो, दोन नोंदींचा एकच आहे का ते पाहतो, निकाल एकतर्फी होता का ते विचारतो, आणि आधीच्या घरमालकाला फोन करून एकच प्रश्न विचारतो : हे लोक तुमच्याकडे किती वर्षं राहिले? मित्राच्या बाबतीत उत्तर आलं असतं, सहा वर्षं, आणि अजून राहतात.

आमच्या मंडळींत या विषयावर कोणी बोलत नाही. मित्राने कितीतरी महिने कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रीन कार्डावर परिणाम होईल, लोक काय म्हणतील, या धाकाने. एव्हिक्शन हा दिवाणी दावा आहे, गुन्हा नाही, हे मी त्याला दोनदा समजावलं. तरी सेल्फ-हेल्प केंद्राच्या रांगेत तो ओळखीचं कोणी दिसतंय का हे बघत उभा होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना घर मिळालं. मालकीणबाई स्वतःच घर पाहायला बोलावणाऱ्या, कंपनीविना. अर्जासोबत मित्राने कोर्टाचा आदेश आणि एक पानी हकिकत आपणहून जोडली. झाकलेली गोष्ट स्वतःच उघडून दाखवावी का, यावर आम्ही रात्रभर वाद घातला होता. मी ‘नको’ म्हणत होतो, कायद्याने झाकलं आहे तर झाकलेलंच राहू दे. वहिनी म्हणाल्या, “एखादी प्रत अजून कुठे फिरत असली तर? आपण आधी सांगितलेलं बरं.” मालकीणबाईंनी कागद वाचला, परत दिला आणि चावी केव्हा हवी ते विचारलं. आई सप्टेंबरात आली. टपाल आता ते रोज उघडतात.